तळ्याकाठची मोरी

जेवण होताच सून खुर्चीत पाय पसरून पुस्तक वाचायला लागली आणि सुनरेबाईंचं डोकं तापलं. पण कोरियातल्या चुनचॉनच्या तळ्याकाठी, तंबूला तंबू लागलेला असताना सुनेला चार शब्द सुनावायचे तरी कसे? त्या आपल्या किमचीच्या डब्यांची झाकणं उगाच उघडत आणि लावत बसल्या.

तक्रारीला जागाच नव्हती, कारण सगळं आधीच ठरलं होतं. बोराम, म्हणजे सून, घरीच म्हणाली होती की तंबूत राहायला हौसेनं येईन, पण तिथे काम एक करणार नाही. आणि सुनरेबाईंचा एकुलता एक तेग्युन, बँकेतला एवढा मोठा साहेब, खुशाल हो म्हणून मोकळा झाला होता. सकाळपासून त्याने तंबू ठोकला, कोळसे पेटवले, डुकराचं मांस भाजलं, वर पानात गुंडाळून बायकोला घासही भरवला. इथवर सुनरेबाईंनी दात-ओठ खाऊन सोसलं. पण तोच लेक खरकट्या भांड्यांचं टोपलं उचलून सामाईक मोरीकडे निघाला, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. चारचौघांत हा चरबीने माखलेली जाळी घासणार आणि लोक त्याच्या आईला नावं ठेवणार!

नवऱ्याकडे गाऱ्हाणं न्यावं, तर पानसूराव "जरा मासे बघून येतो" म्हणून केव्हाच पसार झाले होते. चाळीस वर्षं जेवणानंतर ते असंच काही ना काही बघायला जात आले होते. त्याचं सुनरेबाईंना कधी वाईट वाटलं नाही. भांडी घासणं त्या माणसाच्या हातातच नव्हतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, त्या तापाने फणफणल्या होत्या, तेव्हा बिचारा आपण होऊन भांडी घासायला बसला आणि त्यांच्या माहेरचे दोन वाडगे फोडून बसला. सासूने घर डोक्यावर घेतलं. बोलणी खाल्ली ती सुनरेबाईंनी, आणि तरी नवऱ्याची बाजू घेतली. त्या दिवसापासून त्यांनीच त्याला मोरीकडे फिरकू दिलं नाही.

त्यांना उठलेलं बघून बोराम म्हणाली, "आई, बसा हो. त्याला येतं सगळं."

"येतं म्हणून करायचं असतं होय?" असं म्हणत सुनरेबाई चपला अडकवून तरातरा निघाल्या. लेकाच्या हातातलं टोपलं हिसकावून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

मोरीवर बघतात तो सगळे बाप्येच. कुणी चष्मेवाला, कुणी पोट सुटलेला, एकाने तर बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधलेला. पण हात सगळ्यांचे थांबलेले, आणि सगळे कोंडाळं करून कुणाचं तरी ऐकत होते. तो आवाज सुनरेबाईंच्या चांगला ओळखीचा होता.

"आधी पाणी लावायचं नाही. गार पाण्याने चरबी गोठते. कोबीच्या पानाने पुसून घ्या, मग कढत पाणी," असं सांगत, बाह्या कोपरावर सारून पानसूराव सराईत हाताने जाळी घासत होते. "फौजेत भटारखान्यात होतो मी. अख्ख्या तुकडीची भांडी घासलीत."

"म्हणजे आजोबा, घरीही तुम्हीच घासता?" चष्मेवाल्याने विचारलं.

"वेडा आहेस का? घरी मी ठोंब्या. नवं लग्न झालं की दोन वाडगे फोडायचे, तेही बायकोच्या माहेरचे. जन्मात पुन्हा कुणी सांगत नाही."

हशा पिकला. तेग्युनही हसला, आणि हसता हसता त्याला मागे उभी असलेली आई दिसली. त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

सुनरेबाईंना आधी रडूच आलं. तापात खाल्लेली ती बोलणी जशीच्या तशी आठवली. मग असा संताप आला की ती जाळी उचलून नवऱ्याच्या टाळक्यात घालावी. त्यांनी ती उचललीही. उलटसुलट करून बघितली, बोट फिरवलं. कुठे ओशटपणाचा मागमूस नव्हता.

"लख्ख निघाली हो," त्या म्हणाल्या.

"अगं, ते आपलं पोरांना जरा दाखवत होतो..." पानसूरावांच्या कोपरापर्यंत फेस होता, लपवायला जागा नव्हती.

"चुसॉकच्या सणाला तुमचे तिघे भाऊ जेवायला येणार ना?"

"येणार की."

"तेही फौजेत होते?"

पानसूरावांनी लेकाकडे बघितलं. तो फडकं शोधण्यात गुंग होता.

"होते," ते बारीक आवाजात म्हणाले.

"मग त्यांना आजच फोन करा. म्हणावं, भेटवस्तू काही आणू नका. नुसते हात घेऊन या."