जपून ठेवलेला ओटा

मी ओटा बोलतोय, स्वयंपाकघरातला, पांढऱ्या संगमरवराचा. जरा घाईतच बोलतोय, कारण शेजारीच कारागीर बादलीत चिकटवायचा लेप कालवतोय. तो तयार झाला की माझ्यावर दुसरा दगड बसणार आणि माझं तोंड कायमचं बंद.

डोंगरातून मला कापून काढलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा अंधारातून! दगडांच्या वखारीत उन्हात उभा राहिलो. तिथे आमच्या बाई आणि त्यांचे मिस्टर आले. वखारवाल्याने माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ओल्या अंगावर करड्या रेघा अशा काही उठून दिसल्या की बाई म्हणाल्या, "अहो, हाच!"

"अगं, यावर डाग पडतात म्हणे. तो काळा घेऊ, दणकट आहे. तुला दगडातलं काय दगड कळतं!"

"ओट्यापाशी दिवसभर मी उभी राहणार की तुम्ही?"

मिस्टरांनी खिशातून पाकीट काढलं. मी तर हरखूनच गेलो.

घरी आल्यावर थोडे दिवस माझी काय ती मिजास! बाई शेजारणींना हाताला धरून आत आणायच्या. मग एकदा मिस्टरांनी सरबतासाठी लिंबू पिळलं आणि अर्धी फोड माझ्यावरच पालथी टाकून गेले. पुसल्यावर तिथली चकाकी गेली ती गेलीच. नाण्याएवढा फिकट डाग. मला काही दुखलं नाही, खरं सांगतो. पण बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

"तरी मी सांगत होतो," मिस्टर म्हणाले. हे वाक्य त्यांनी वर्षभर वापरलं. मला मात्र कुणी वापरलं नाही.

लगेच माझ्यावर जाड प्लास्टिक आलं, कडांना चिकटपट्टी. प्लास्टिक कापलं जाईल म्हणून वर रबरी चटई. चटई मळेल म्हणून तिच्यावर वर्तमानपत्र. मला फक्त आवाज यायचे, सुरीचे, कपबश्यांचे, आणि "जपून गं, खाली संगमरवर आहे!" असं लेकीवर ओरडणाऱ्या बाईंचे. गुदमरून जीव नकोसा झाला. पाहुणे आले की बाई एक कोपरा उचलायच्या, "आत बघा, कसा नवाकोरा आहे!" तेवढाच काय तो उजेड. मग परत झाकण.

शेवटी त्यांनाही या पसाऱ्याचा वैताग आला. "अहो, वरून काळा दगड बसवून घेऊ. बिनधास्त वापरता तरी येईल." मिस्टरांनी कधी नव्हे ते एका शब्दात ऐकलं.

आज सगळं आवरण निघालं. कारागीर माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, एवढा एक डाग सोडला तर हा कोराच आहे की! झाकायचा कशाला?"

"खराब होईल ना," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. हातात गरम चहाचा कप होता, पण माझ्यावर टेकवायचा धीर होईना. त्या तो तसाच धरून उभ्या राहिल्या.

अहो बाई, ठेवा ना! उमटू दे गोल!

आणि तुम्ही, दगड निवडायला जाल तेव्हा हवा तो निवडा, पण घरी नेल्यावर त्याच्यावर पीठ मळा, लिंबू पिळा, चहा सांडा. डागांचं आमचं आम्ही बघून घेऊ.

लेप अर्ध्या अंगावर आलाय. बाईंनी हळूच डोळे पुसले.

"काळजी करू नका ताई," कारागीर समजुतीने म्हणाला, "खालचा शंभर वर्षं असाच्या असा राहील."

अहो, तेच तर नकोय मला!