एक तुकडा कमी

बाबांनी आयुष्यात एकच सिनेमा काढला, तोही स्वयंपाकघरातल्या सिंकचा. पाइप कसा दुरुस्त करायचा ते पोरांसाठी शूट करतो म्हणाले, मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि बंद करायला विसरले. दुपारभर सिंक, मग बाबांचे पाय, मग बाबांची बडबड, मग पुन्हा नुसतं सिंक. बाबा गेले, आणि मागे त्यांचा आवाज उरला तो एवढाच.

फाइल अवाढव्य. दादाच्या परगावच्या धाकट्या बहिणीला ती हवी होती, पण एवढा घास ईमेलच्या घशाखाली उतरेना. दादा म्हणाला, "तुकडे करून पाठवतो. सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेव. एक जरी कमी असला तरी काही उघडणार नाही."

पहिला तुकडा गेला आणि संध्याकाळी फोन आला. "दादा, पोचला रे. जेवलास का?"

बाबांनंतर हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. शेजारी विचारायचे, पण ते पाणी आलं का म्हणून.

दुसऱ्या तुकड्यालाही फोन आला. मग दादाने शांत डोक्याने उरलेल्या फाइलचे आणखी बारीक तुकडे केले, कोशिंबिरीला चिरावेत तसे, आणि रोज एकच पाठवू लागला.

"हे काय होमिओपॅथीच्या गोळ्यांसारखं पाठवतोस? आजच्यात बाबांची एक भुवई तरी मावली असेल का?"

"नेट स्लो आहे गं. तुझं सांग, साहेब काय म्हणतो?"

साहेब कसा खडूस, लेक भाजी कशी थुंकते, ती सांगत बसायची. तो सिंकला टेकून ऐकायचा. फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिजला कंठ फुटायचा.

शेवटचा तुकडा उरला तेव्हा मात्र दादाचा हात चालेना. आज पाठवू, उद्या पाठवू करत बरेच दिवस गेले. शेवटी फोन भडकूनच आला.

"सगळं जोडलं, तर एक तुकडा कमी म्हणतंय! हरवलास ना?"

"आहे गं. पेनड्राइव्हवर घेऊन स्वतःच येईन म्हणतो."

"अरे शहाण्या, त्यात अख्खी फाइल मावली असती! मग पहिल्याच दिवशी यायचंस ना!"

"बोलावलं कुठे होतंस?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक. तिसरीला दादाने मनाशी कबूल केलं की आपली जीभ घसरली.

"बरं, पाठवतो आत्ताच."

"हात लावू नकोस त्याला." तिने गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. "घेऊन ये. उद्याच. आणि एका दिवसासाठी आलास तर दारातूनच हाकलीन."

दादाने कपाटावरची सगळ्यात मोठी बॅग खाली काढली आणि पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून मधोमध ठेवला. तो तिथे अगदीच पोरका दिसत होता. म्हणून सोबतीला एक शर्ट टाकला. मग चेन लागेनाशी होईपर्यंत टाकतच राहिला.