सोबतिणीचा बिल्ला

शाळेची बस चालवतो मी. मोठी खाजगी शाळा, फी ऐकून घाम फुटावा अशी. तिथे एक पद्धत आहे. पहिलीपासून नाही, मधल्याच एखाद्या वर्गात कुणी नवं आलं की वरच्या वर्गातलं एक पोर त्याच्या दिमतीला द्यायचं. त्याला म्हणायचं सोबती. छातीवर निळा बिल्ला.

यंदा सहावीत एक पोरगी आली. या शाळेसाठी घरी तिनेच हट्ट धरलेला, परीक्षा देऊन जागा मिळवलेली. पण आल्यापासून रोज रडारड. तिची आई हॉस्पिटलात नर्स. मला म्हणाली, "काका, हा आठवडा बघते. नाहीच रमली तर जुन्या शाळेत परत घालते."

पोरीला सोबतीण मिळाली नववीतली. बसमध्ये तिला आम्ही मास्तरीणबाई म्हणतो. जीव लावणारी पोर, पण तोंडाला विसावा नाही. बसमध्ये बसल्या बसल्या शिकवणी सुरू. "समोरच्या पायऱ्यांनी जायचं नाही, त्या शिक्षकांच्या. खिडकीजवळच्या टेबलावर डबा उघडायचा नाही, ते दहावीचं. लायब्ररीत बूट वाजवायचे नाहीत. गणिताच्या सरांना नुसतं 'हो' नाही, 'हो सर' म्हणायचं."

मी आरशातून बघायचो. पोरगी मान डोलवायची आणि रोज थोडी थोडी आक्रसत जायची.

गुरुवारी सगळी पोरं उतरली, ही जागेवरच.

"उतर की बाई," मी म्हटलं. "बस लावायचीय मला."

"पोट दुखतंय."

"काल डोकं होतं. उद्या काय, नखं?"

हसली नाही. मास्तरीणबाई परत वर चढली. "काय गं? सगळं तर सांगितलंय तुला."

"म्हणून तर," पोरगी म्हणाली. "एवढ्यातलं एखादं चुकलं म्हणजे?"

मास्तरीणबाईने छातीवरचा बिल्ला चाचपला. मग म्हणाली, "माझं कधी काही चुकलंच नाही. काय होतं ते मला तरी कुठे माहितीय? थांब, बघू."

खाली उतरली ती सरळ समोरच्या पायऱ्या चढायला लागली. सगळ्यांच्या देखत. पोरगी बसच्या दारात, मी स्टिअरिंगवर, दोघं आ वासून. मागची बस हॉर्न वाजवतेय.

अर्ध्यावर सुपरवायझर बाईंनी धरलं. बाईंच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळला. "सोबती म्हणवतेस आणि नवीन मुलींना हे शिकवतेस?" बराच वेळ तोंडाचा पट्टा चालला. बिल्ला काढून घेतला, आठवडाभरासाठी. मग बाई आत निघून गेल्या.

मास्तरीणबाई परत आली. कान लालबुंद. "एवढंच असतं," म्हणाली. "ओरडतात. मग चहा निवायला लागतो, जातात."

पोरगी उतरली. बाजूच्या दाराने दोघी आत गेल्या.

संध्याकाळी मास्तरीणबाई मागच्या सीटवर तोंड फुगवून बसलेली. बिल्ला जाणं सोपं नव्हतं तिला. पोरगी तिला खेटून, आणि आज तोंड हिचं सुरू. गणिताच्या सरांना म्हणे नुसतं 'हो' म्हणाली, त्यांना ऐकूच आलं नाही.

स्टॉपवर आई उभी होती, ड्युटीच्या कपड्यांतच. "काय मग? उद्या जायचंय, की जुन्या शाळेत विचारू?"

"जावंच लागेल," पोरगी म्हणाली. "हिचा बिल्ला गेलाय. आठवडाभर हिला एकटीला कसं सोडू?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

"ताई, दार सोडा," मी म्हटलं. "मागे गाड्या खोळंबल्यात."