बुडत्या जहाजावर शाल-श्रीफळ

भिलाईहून समुद्र कोणत्या दिशेला लागतो हे गणेश मंडळातल्या एकालाही धड सांगता आलं नसतं, पण यंदाचा देखावा मात्र फुटलेल्या जहाजाचा! शंभरेक वर्षांपूर्वी जहाज किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं, की किनाऱ्यावरचे लोक दारूच्या बाणानं त्यावर दोरी फेकत आणि खलाशांना एकेक करून ओढून घेत. मंडळाचे अध्यक्ष श्यामराव, स्टील प्लांटमधले रिटायर साहेब. त्यांनी हे मोबाइलवर पाहिलं आणि झालं, भूतच शिरलं डोक्यात.

मथुराबाईला या शहाण्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "शिवनाथ नदीत कधी पाय नाही बुडवला, अन् हे समुद्रातून माणसं काढून राहिले म्हणे!" ती शेजारच्या नलूला म्हणाली. ती आली होती ती कमलेशसाठी. क्वार्टरची गच्ची म्हणजे जहाज, रस्त्यापलीकडचा मंडप म्हणजे किनारा, मध्ये ताणलेला दोर. दोरावर कप्पी, कप्पीला ट्रकची ट्यूब आणि ट्यूबमध्ये खलाशी झालेला तिचा एकुलता एक पोरगा.

मंडपातून चौघांनी ट्यूबला बांधलेली ओढदोरी खेचायला सुरुवात केली. कमलेश बरोबर रस्त्याच्या वर आला आणि तेवढ्यात गाड्यांचा ताफा आला. प्रमुख पाहुणे, जामुलचे ठेकेदार बबलू भैया! मंडळाची रीतच अशी, की पाहुणा आला की आरतीसुद्धा थांबते. चौघांनी ओढदोरी खांबाला गुंडाळली आणि हार घ्यायला पळाले.

"ओ साहेब, पोरगं लटकून राहिलं ना वर!"

"दोन मिनिटं, वहिनी. आधी सत्कार," श्यामराव माइकवरूनच म्हणाले.

शाल झाली, श्रीफळ झालं. फोटो बिघडला म्हणून शाल काढून पुन्हा घातली. धन्य ती माणसं! वर ट्यूब फुसफुसायला लागली आणि कमलेश काखांपर्यंत खाली घसरला. खाली सिमेंटचा रस्ता.

"आई! हवा निकल रही है!"

"मुडदेहो, पांघरा शाली!" मथुराबाई ओरडली. "नले, धर दोरी!" दोघींनी खांबाची ओढदोरी सोडवून खेचली. मथुराबाईचे तळवे सोलून निघाले, पण कमलेश स्टेजवर येऊन पडला. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"छोड ना आई, सब देख रहे हैं." तिला बाजूला सारून तो थेट बबलू भैयांच्या पायांवर वाकला. "भैया, आपके आने से बच गया मैं!"

टाळ्या पडल्या. श्यामरावांची तिला नुसती कीव यायची, पण हे पाहून तिला शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून रडूही आलं. ते तिनं गिळलं.

"किसका लड़का है ये?" भैयांनी कौतुकानं विचारलं. श्यामरावांनी मथुराबाईकडे बोट दाखवलं.

तिनं रक्ताळलेले हात पदराला पुसले.

"माहा नोहे," ती म्हणाली. "बुडतानी सापडला. तुमीच ठेवा."