चार खण भरलेलेच

मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे. सात खणांचा, निळ्या प्लॅस्टिकचा, झाकणांवर रविवार ते शनिवार अशी वारांची नावं असलेला. मित्रांनो, डबा म्हटलं की तुम्हाला खाऊ आठवतो. माझ्यात मात्र कुणी आवडीने हात घालत नाही.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो, औषधांच्या दुकानात वर्षभर धूळ खाल्ली, आणि एके दिवशी एका लेकीने मला घरी नेलं. तिच्या अब्बांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रक्त पातळ ठेवणारी ही गुलाबी गोळी एक दिवसही चुकवायची नाही." तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती माझे सातही खण भरते. अब्बा पाहुण्यांना सांगायचे, "हा डबा आहे म्हणून मी आहे." ते ऐकून मी नुसता फुलून जायचो! पुढे कौतुक आटलं, माझ्या अंगावर चहाचे डाग पडले, बुधवारचं झाकण सैल झालं. त्याचं मला फारसं वाटलं नाही. माझी पाचावर धारण बसली ती एका सोमवारी.

अब्बा रंगारी. तीन मजले उंच परांचीवर बिनधास्त उभे राहणारे. पण वर्षभर त्यांचा उजवा खांदा धरला होता आणि हात कानाच्या वर जात नव्हता. मग छत कसं रंगवणार? त्यांनी ठरवलं, हिजामा करून घ्यायचा. यात कातडीवर कप लावून हवा ओढतात, बारीक चिरा देतात आणि थोडं रक्त काढतात. ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली रीत, म्हणून अब्बांची त्यावर श्रद्धा. चांद्र महिन्याची सतरावी तारीख त्यासाठी चांगली मानतात, आणि ती गुरुवारी येत होती. पण जोडीदार रंगाऱ्याने त्यांच्या मनात भलतंच भरवलं. "रक्त पातळ करायची गोळी घेतो म्हणालास, की दारातूनच परत पाठवतात. माझ्या मेव्हण्याला पाठवलं."

सोमवारी सकाळी अब्बांनी मला उचललं, झाकणावर बोट ठेवलं आणि न उघडताच खिशात टाकलं.

"अब्बा, डबा कुठंय?" लेकीने विचारलं.

"माझ्याकडेच आहे. कामावर घेतो गोळी."

साफ थाप! मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. अहो, त्या जाळीत गुठळी झाली तर? मी त्यांच्या छातीवरच्या खिशात होतो. आतली धडधड मला ऐकू यायची, आणि एखादा ठोका लांबल्यासारखा वाटला की जीव मुठीत धरून मी पुढच्याची वाट बघायचो. हे घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी अब्बांनी अंघोळ केली, खांद्यावरचे केस काढले, सैल सदरा घातला. सांगितल्याप्रमाणे सकाळपासून पोट रिकामं ठेवलं. निघताना नमाजाआधी करतात तसं हात-तोंड-पाय धुऊन वुजू केलं. लेक सोबत आली आणि बाहेर बाकावर बसली.

आत लहानशी खोली, रेक्झिनचा पलंग, त्यावर कागदाची चादर. ट्रेमध्ये कप, हातपंप आणि पात्यांची सीलबंद पाकिटं. ती पाकिटं बघताच अब्बांनी नजर दुसरीकडे वळवली.

हिजामावाले कागदावर लिहीत होते. "चाचा, मधुमेह? रक्तदाब? रक्त पातळ करायची गोळी?"

"सध्या नाही," अब्बा म्हणाले.

वुजू करून आलेला माणूस असं बोलतो! मला ओरडावंसं वाटलं, पण आवाज कुठून आणू?

"खिसे रिकामे करा, सदरा काढा आणि पालथे पडा."

अब्बांनी मला किल्ल्यांबरोबर स्टुलावर ठेवलं, अगदी त्यांच्या तोंडासमोर. खांद्यावर कप बसला. पंपाने हवा ओढली, तशी कातडी वर फुगली. हिजामावाल्यांनी पात्याचं पाकीट हातात घेतलं. "बिस्मिल्ला म्हणा चाचा, आणि मनात शिफाची, बरं होण्याची नियत करा."

 अब्बा माझ्याकडेच बघत होते.

"थांबा!" ते एकदम म्हणाले. "तो डबा उघडून बघा. सोमवारपासून एकही घेतली नाही. मी तुम्हाला फसवलं."

हिजामावाल्यांनी पाकीट तसंच खाली ठेवलं आणि कप काढला. "काय हे चाचा! खांद्यासाठी जिवाशी खेळता?" त्यांनी लेकीला हाक मारली.

तिने सोमवार ते गुरुवारचे माझे चारही खण भरलेलेच बघितले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आजची गोळी आत्ताच द्या. मागच्या एकदम देऊ नका. आणि लगेच इकडे घेऊन या."

अब्बांनी गोळी घेतली. पलंगाच्या कडेला उघड्या अंगाने बसून मान खाली घालून म्हणाले, "परत पाठवतील म्हणून घाबरलो, बेटा. हात गेला तर घरात बसून करू काय?"

"आणि तुम्हीच गेलात तर?" ती हुंदके देत म्हणाली. "मी रविवारी कुणाचे खण भरू, अब्बा?"

तपासणीत सगळं ठीक निघालं. खांद्याचं काय करायचं, ते आता डॉक्टरांना विचारूनच ठरेल. पण माझ्या मनातली भीती काही जात नाही. मित्रांनो, मला तोंडं सात, पण बोलता एकानेही येत नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर रोज संध्याकाळी त्याचं त्या दिवसाचं झाकण उघडून बघा. तो खण रिकामा दिसला तर खुशाल खेळायला जा. भरलेला दिसला, तर आधी घरच्यांना हाक मारा.