तिसरं कडवं

अकराव्यांदा धाकटी चुकली, तेव्हा काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्ट बाईंनी मशीन थांबवलं आणि गोड आवाजात म्हटलं, "मावशी, जरा चहा घेऊ या का?"

स्टुडिओत चहा घेऊ या म्हणजे तुम्हाला जमत नाहीये, हे धाकटीला पुरतं ठाऊक होतं. चाळीस वर्षं याच धंद्यात घालवली होती तिने. सहा रेकॉर्डी, दोन-अडीचशे कार्यक्रम, मग कॅसेटी, मग नुसतेच सत्कार, आणि मग तेही बंद. धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. थोरली आणि धाकटी अशा दोघी बहिणी गायच्या, त्यावरून पडलेलं. आता ती अडुसष्ट वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते, आणि जिच्यामुळे ती धाकटी होती ती ताई चौदा महिन्यांपूर्वी गेली होती. तरी लोक धाकटीच म्हणायचे. कुणापेक्षा धाकटी, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नसे.

जुन्या गाण्यांचा नवा संच निघणार होता. त्यात तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं तिने आजच्या आवाजात पुन्हा गावं, अशी कंपनीची इच्छा. आजचा दिवस दिला होता. जमलं तर ठीक, नाहीतर जुनंच छापून मोकळे होणार. गाणं तिचंच, लिहिलेलंही तिनेच: 'जाताना दार लोट गं, कडी लावू नको, परत यायचं झालं तर हाक मारू नको.' शब्द पाठ, सूरही शाबूत. पण उचलायची वेळ आली की ती एक मात्रा उशिरा उचलायची. कानात ठोका वाजत असे टक टक टक टक, आणि ती आपली कशाची तरी वाट बघत उभी.

कशाची ते तिला माहीत होतं. ताई मोजायची. लहानपणी स्वयंपाकघरात भांडी घासताना गायच्या तेव्हापासून. 'एक, दोन, तीन, चार' म्हणायची आणि चारला भुवया उंचावायची, की धाकटीने उचलायचं. धाकटीला गाणी सुचायची नळाच्या पाण्यासारखी, पण तालाच्या बाबतीत आनंदीआनंद होता. ताई मागून दुसऱ्या आवाजात यायची, जरा खालून, एक मात्रा सोडून. पहिली रेकॉर्ड दोघींची होती. ती बेताचीच खपली.

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी कंपनीचे साहेब म्हणाले, "दोन आवाज लोकांना कळत नाहीत. एकच ठेवू. बहिणीला तुम्ही सांगा."

धाकटीने हो म्हटलं आणि सांगितलंच नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळपासून चार वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. ताईने तिच्यासाठी आलं घातलेलं गरम पाणी थर्मासात भरून आणलं होतं, इस्त्रीची साडी नेसून आली होती. शेवटी धाकटी हळूच रेकॉर्डिस्टकडे गेली आणि म्हणाली, "मोजून झालं की तिचा माईक बंद करा. तिला कळू देऊ नका." ताई दुसऱ्या काचेपलीकडच्या छोट्या खोलीत उभी राहून अख्खी रेकॉर्ड बंद माईकमध्ये गायली. आठ गाणी, त्यातलंच एक हे गाजलेलं. महिन्याभराने रेकॉर्ड हातात आली, घरी वाजली, आणि धाकटीने सगळं खापर कंपनीवर फोडलं. "बघ ना गं, मेल्यांनी कापलं तुला." ताई म्हणाली, "छान झालंय. तुझा आवाज मोकळा वाटतो." नंतर ती कधी गायली नाही. पण पुढच्या चारही रेकॉर्डींना मोजायला मात्र आली. धाकटीने त्याचा सोयीस्कर अर्थ लावला: तिला कळलेलं नाही.

चहा आला. रेकॉर्डिस्ट बाई त्याच जुन्या रेकॉर्डिस्टची मुलगी. वडील गेल्यावर स्टुडिओ हिनेच सांभाळला, त्यांच्या टेपांनी भरलेल्या कपाटासकट.

"मावशी, एक सुचवू? तुमच्या त्या गाण्याची मूळ टेप आहे बाबांच्या कपाटात. मोठ्या मावशींनी मोजलेलं असेलच त्यात. ठोक्याऐवजी तेच कानात देते."

"अगं, मोजलेलं कापून टाकतात ना?"

"रेकॉर्डीत कापतात. टेपवर राहतं. बाबा तर दोन टेकच्या मधेही मशीन थांबवायचे नाहीत. आई चिडायची, किती टेप फुकट घालवता म्हणून. ते म्हणायचे, मी बंद केलं की नेमकं तेव्हाच कुणीतरी छान गाऊन जातं."

टेप लागली. खरखर, आणि मग अगदी जवळून, कानाला तोंड लावल्यासारखी ताई. "एक, दोन, तीन, चार." धाकटीने चहा खाली ठेवला. आपला तरुण आवाज येतोय याकडे तिचं लक्षही नव्हतं. पहिला टेक संपला, दुसरा संपला, तिसरा संपला. आणि मग दार वाजलं. धाकटीला आठवलं, आपण पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. मग पावलं, आणि धाकटीच्या माईकजवळ पुन्हा ताईचा आवाज. रेकॉर्डिस्ट आतल्या खोलीतून तिच्या कानात बोलत असणार, म्हणून त्याचं बोलणं टेपवर नव्हतं. फक्त ताईचं होतं.

"दादा, मोजून झालं की माझा माईक बंद करता ना?"

नुसती खरखर.

"अहो, कळतं की. कानात तिचा आवाज येतोय, गाताना माझा येतच नाहीये. पहिल्या गाण्यापासून."

पुन्हा खरखर.

"नको नको, चालू करू नका. तिनेच सांगितलं असणार, तुम्ही आपल्या मनाने असं करायचे नाहीत. मी गाते आहे तशीच गाते. काचेतून माझं तोंड हलताना दिसलं नाही ना, तर तिचा ताल सुटतो. लहानपणापासून आहे ते. आणि हे बघा, मला कळलंय हे तिला सांगू नका. लागेल तिच्या मनाला."

दार वाजलं. तरुण धाकटीचा आवाज, जरा घाबरलेला: "काय गं, काय बोलत होतीस?"

"काही नाही. पाणी प्यायलीस ना? चल." पावलं दूर गेली, आणि मग छोट्या खोलीतून: "एक, दोन, तीन, चार."

रेकॉर्डिस्ट बाईंनी मशीन थांबवलं आणि त्या उगाचच वायरी गुंडाळायला लागल्या. धाकटी बसून राहिली. चाळीस वर्षं. एका छपराखाली राहिल्या होत्या दोघी, एका ताटात जेवल्या होत्या, ताईच्या शेवटच्या आजारात हिनेच तिची वेणी घातली होती, आणि एकीने दुसरीपासून काय लपवलं तर हे. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि ती सांगायला जगात एकच माणूस होतं, जे आता नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती उठली. "माझा आजचा आवाज नको," ती म्हणाली. "माझा तो जुनाच ठेव. मी दुसरा आवाज गाते. ताईचा."

"कंपनीला विचारायला—"

"विचारू नंतर. लाव."

ती मोठ्या खोलीत गेली नाही. छोट्या खोलीत, ताईच्या जागी जाऊन उभी राहिली. कानात ताईने चार मोजले. तरुण धाकटीने उचललं, आणि म्हातारी धाकटी आपली नेहमीसारखी एक मात्रा उशिरा आली. सकाळपासून अकरा वेळा चूक ठरलेला तो उशीर इथे बरोब्बर बसला. दुसऱ्या आवाजाची जागा तीच होती.

काचेपलीकडे मोठी खोली रिकामी होती. कानातली पोरगी जोरात, मजेत गात होती, आणि शेजारी कुणी गातंय याचा तिला पत्ता नव्हता. तिला कितीही सांभाळून घेतलं तरी ती वळून बघणार नव्हती. ताई अशीच आठ गाणी गायली होती, हसऱ्या तोंडाने, कारण काचेतून तिचं तोंड दिसत होतं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला धाकटी थांबली.

मशीन बंद झालं. "काय झालं, मावशी? छान चाललं होतं."

"तिसऱ्या कडव्यात ताई चाल बदलायची. काहीतरी वेगळंच घ्यायची तिथे, फार सुरेख. रियाझाला सगळे थांबून ऐकायचे." ती आठवायचा प्रयत्न करत होती, ओठ हलवत होती. "काय घ्यायची ते मला आठवत नाही गं."

"टेपमध्ये शोधू? तुमच्या माईकमध्ये कुठे उतरलं असेल तर..."

रेकॉर्डिस्ट बाईंनी टेपवरचे सगळे टेक तपासले, आवाज वाढवून, कमी करून, डोळे मिटून. काच जाड होती. काही उतरलं नव्हतं.

"सगळे थांबून ऐकायचे," धाकटी पुन्हा म्हणाली. "मीच ऐकलं नाही. मी माझं उचलायचं कधी, तेवढंच बघत होते."

"मग तुमचं काहीतरी घाला तिथे. तुम्हाला काय अवघड आहे, गाणं तुमचंच आहे."

"नको. ते कडवं तिचं आहे. तिथे मी गप्प राहते. पण माईक चालू ठेव."

पुन्हा पहिल्यापासून लावलं. ती दोन कडवी गायली. तिसरं आलं तेव्हा तिने तोंड मिटलं आणि माईकसमोर तशीच उभी राहिली, कडवं संपेपर्यंत. माईकचा लाल दिवा लागलेला होता.