तोफेला टेकवून ठेवलेली लाल छत्री

मित्रांनो, मी एक जुनी लाल छत्री आहे आणि पावसाशी माझा फारसा संबंध आलेला नाही. हसू नका. कारागिराने माझ्या काड्या ताणल्या, कापड शिवलं, खटक्याला तेल दिलं, तेव्हा मीही स्वप्नं पाहिली होती, की आता ढगांशी दोन हात करायचे. पण मला विकत घेतलं गाइडबाईंनी, आणि माझ्या नशिबी आली माणसं हाकण्याची नोकरी.

खाडीपलीकडे एक गाव आहे. फार पूर्वी समुद्रावरून आलेल्या साहेबांनी व्यापारासाठी वसवलेलं. साहेब गेले, पण त्यांचं जकातघर, चर्च, कमानी, झडपांच्या खिडक्या आणि एकही गोळा न उडवलेली तोफ तिथेच राहिली. गल्ल्या तर सगळ्या एकाच आईच्या लेकी असल्यासारख्या, दोन्ही बाजूंना पिवळ्या भिंती. चुकायला अत्यंत सोयीचं गाव. म्हणून बाई मला मिटलेलीच उंच धरत आणि सांगत, "लाल छत्री दिसतेय ना? बस, तिच्यामागून यायचं." गर्दीत मी दिसले नाही, तर खटका दाबून मला उघडत.

मला मान होता, बरं का. एकदा एक बोकड माझ्यामागून अख्खं गाव फिरला. सगळ्यांत कमी प्रश्न त्यानेच विचारले, असं बाई आजही सांगतात. एकदा वादळात मी बाईंना उचलून थेट घड्याळाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवलं होतं. बाई हे कबूल करत नाहीत. पण घड्याळ तेव्हापासून बंद आहे, हे तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता.

बाकी सगळा वैताग. तोफेशी पोचलं, की प्रत्येकाला तोफेवर बसून फोटो हवा. चर्चमध्ये शिरलं, की कुणीतरी हमखास विचारणार, जेवण कुठे आहे. आणि मोजणी करायला उभं राहावं, तर एक माणूस नेमका टोपी आणायला परत गेलेला.

वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून माझा रंग उडाला. एक काडी मोडली आणि जवळून जाणाऱ्यांच्या टोप्या ओढू लागली. मग बाईंनी एक लांबलचक घडीची काठी आणली, टोकाला पिवळा झेंडा. हिला ना पोट, ना पाठ. उन्हात कुणाच्या डोक्यावर धरायची सोय नाही. पण सगळे म्हणाले, वा, काय झोकदार. त्या दिवशी बाई आम्हां दोघींना घेऊन निघाल्या, सवयीने उंच धरलं ते मात्र मलाच. तोफेपाशी पाण्याची बाटली उघडायला हात मोकळा हवा होता, म्हणून त्यांनी मला तोफेला टेकवलं, पाणी प्यायल्या आणि झेंडा घेऊन चर्चमध्ये गेल्या. विसरल्या की सोडून गेल्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. काही प्रश्न छत्रीने विचारायचे नसतात.

त्या दिवशीच्या घोळक्यात रंगाच्या दुकानाचे एक काका होते. ते सहलीला खरं तर काकूंबरोबर येणार होते. गाव बघायची हौसही काकूंचीच. पण दुकानातल्या शिडीवरून पडून काकूंचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. दोन तिकिटं वाया घालवण्यापेक्षा एक बरं, असं म्हणून त्यांनी काकांना एकट्याला धाडलं आणि बजावलं, की फोनवर मला सगळं दाखवायचं. शेजारीण काकूंजवळ थांबली होती, पण फक्त त्या रात्रीपर्यंत. म्हणजे काकांना संध्याकाळची शेवटची बोट पकडून घरी पोचणं भाग होतं. बोट चुकली तर सकाळपर्यंत दुसरी नाही, आणि काकू घरात एकट्या, साधं पाणी घ्यायला उठता येत नाही अशा.

काका अर्थातच मागे राहिलेले. काकूंना तोफेचं तोंड बघायचं होतं, मग चाक, मग चाकाखालचा दगड. तिथे मी दिसले. बाई छत्री विसरल्या असं समजून भल्या माणसाने मला उचललं. द्यायला निघाले, तेवढ्यात काकू म्हणाल्या, काही दिसत नाही, पडद्यावर ऊन पडतंय. काकांनी मला उघडून डोक्यावर धरलं.

झालं. तिकडे घोळक्यातले अर्धे लोक चर्चमधून बाहेर पडत होते. सकाळपासून त्यांच्या डोळ्यांत लाल छत्रीच बसली होती. ती दिसली आणि ते मुकाट्याने मागे निघाले. मी काड्या करकरवून ओरडत होते, की अहो, हे गाइड नाहीत, रंगवाले आहेत. पण माझं ऐकतंय कोण?

काका फोनमध्ये बघत, सज्जे दाखवत गल्लीत शिरले, तिथून दुसऱ्या गल्लीत, तिथून तिसऱ्या. एका खिडकीपाशी थांबून वळले, तर मागे टोप्या आणि बाटल्यांची रांग. एका आजोबांनी विचारलं, इथे काय बघायचं? काका पडले भिडस्त. खिडकी, म्हणाले. सगळ्यांनी खिडकीचे फोटो काढले.

मग सत्य उघडकीस आलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. बाईंचा फोन लागेना. त्या गावात शिरताना फोन बंदच करतात, कारण फोन चालू असला की लोक चुकायला घाबरत नाहीत. कुणाच्या तरी फोनमध्ये नकाशा होता, तो म्हणत होता, आपण समुद्रात उभे आहोत. ऊन भिंतींवरून वर सरकत चाललं होतं. शेवटच्या बोटीची वेळ पुटपुटत काका माझी मूठ आवळत होते. मला कळतं ते, मूठ माझीच ना.

"सगळे जरा गप्प बसा," फोनमधून काकू म्हणाल्या. "फोन भिंतीकडे धरा. अहो, भिंतीकडे, स्वतःकडे नव्हे."

तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या दुकानात डबे काका उचलतात, रंग मात्र काकू कालवतात. आपल्याला पिवळं ते पिवळं. काकूंना त्यात अख्खं गाव दिसतं.

"हा लोण्याचा पिवळा. जकातघरानंतर लागला होता. सरळ जा. आता हा हळदी, यात काळा जास्त पडलाय. हा मी पाहिलेला नाही. मागे फिरा. आता उजवीकडे. उजवीकडे म्हटलं मी, जेवता तो हात."

असे आम्ही निघालो. पुढे मी उघडलेली, माझ्याखाली काका, काकांच्या हातात काकू आणि मागे सगळी रांग. प्लॅस्टरमधली बाई पलंगावरून गाव चालवत होती आणि तिच्याच नवऱ्याला उजवं-डावं कळत नव्हतं. मी आयुष्यात इतकी वैतागले नव्हते, आणि इतकी ताठही उभी राहिले नव्हते.

शेवटची भिंत केळ्याच्या सालीच्या पिवळ्याची निघाली आणि समोर धक्का दिसला. बोटवाल्याने दोर सोडला होता. पण गाइडबाई एक पाय धक्क्यावर आणि एक पाय बोटीत टाकून उभ्या होत्या. माझी माणसं आल्याशिवाय बोट हलवायची असेल तर मला फाडून ने, असं त्यांनी त्याला ऐकवलं होतं म्हणे.

सगळे चढल्यावर बाईंनी काकांना जे काही सुनावलं, ते मी इथे सांगत नाही. काकांनी मान खाली घालून मला पुढे केलं. "तुमची राहिली होती. ती द्यायलाच..."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मोडक्या काडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तुम्हीच न्या काका. फक्त हात जोडते, या गावात पुन्हा उघडू नका." आणि फोन हातात घेऊन काकूंना म्हणाल्या, "काकू, पाय बरा झाला की तुम्ही या. त्या दिवशी मी तुमच्यामागून चालेन."

त्या रात्री शेजारीण आपल्या घरी गेली आणि मी रंगाच्या दुकानात आले.

माझी काडी आता तारेने बांधलेली आहे. प्लॅस्टर निघाल्यावर काकू माझ्याच दांड्यावर भार टाकून चालायला शिकल्या. गिऱ्हाईक मला विटकी म्हणालं, तर त्या म्हणतात, विटका नव्हे, मुरलेला लाल आहे तो, कालवून मिळणार नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू कुठेतरी टेकवून पुढे जायचं झालं तर खुशाल जा, पण जाण्याआधी एकदा तिच्या मुठीला हात लावून बघा. आणि बरोबर येता न आलेलं माणूस घरी असेल, तर त्याला नीट दाखवा, उन्हात नव्हे, सावली धरून.

परवा पुन्हा त्याच गावाची दोन तिकिटं आली. काकांनी विचारलं, छत्री घ्यायची का? काकूंनी मला केव्हाच उचललं होतं.

"पुढे मी," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही छत्रीवर नजर ठेवून मागून या."